अण्णाला कळत नाही

आमच्या गल्लीत मला 'सर्व्हर राव' म्हणतात. कुंभकोणमला राव पुष्कळ. कानडी राव आहेत, तेलुगू राव आहेत, आणि आमच्यासारखे मराठी रावही आहेत. आमचे पूर्वज तंजावरला मराठे राज्य करत होते तेव्हा इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. एवढ्या रावांमधला नेमका कोणता, हे कळावं म्हणून लोक नावाआधी धंदा लावतात. एक ट्यूशन राव आहे, एक विमा राव आहे, आणि मी हा असा.

आता सर्व्हर म्हणजे काय, हे गल्लीत कोणाला माहीत नाही. आमच्याकडे हॉटेलातल्या वाढप्याला सर्व्हर म्हणतात. समोरच्या मामींची बरीच वर्षं अशी समजूत होती की मी लग्नाकार्यात वाढायला माणसं पुरवतो. मुलाच्या मुंजीला चारपाच चांगली, न सांडणारी माणसं द्या, असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलंही होतं. मी समजावून पाहिलं, पण शेवटी माणसं शोधून दिली. ते सोपं गेलं.

तुम्हाला समजावून पाहतो. दुकानातल्या संगणकावर कोणी बटण दाबतं: अमुक हंड्याचं बिल कर. ती मागणी तारेतून एका यंत्राकडे जाते. तिथे एक प्रोग्रॅम दारातच बसलेला असतो. मागणी कोणाची, आतल्या कुठल्या खोलीत पाठवायची आणि उत्तर कोणाच्या हातात द्यायचं, एवढंच तो पाहतो. तो वेब सर्व्हर. आतल्या खोल्यांत कंपनीचं मोठं सॉफ्टवेअर असतं. बिलं, साठा, पगार, सगळं तिथे चालतं. आतला कितीही हुशार असो, दारातला नीट बसला नाही तर त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही. मी दारातले बसवतो. तेही मुक्त स्रोताचे, म्हणजे देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलेले. त्यांची आतली लिखापढी कोणीही वाचावी, बदलावी आणि पैसे न देता वापरावी.

हे पैसे न देता वापरणं लोकांना फार खुपतं. साक्कोट्टैच्या एका भातगिरणीवाल्याने मला विचारलं होतं, "याचा मालक कोण?"

"मालक नाही."

"असं कसं? मग बिघडलं तर शिव्या कोणाला द्यायच्या?"

"मला."

तो खूश झाला आणि त्याने काम दिलं. पुढे त्याने तो हक्क पुरेपूर वापरला. माझ्या धंद्याचं इतकं थोडक्यात वर्णन मी नंतर कधी ऐकलं नाही.

पण आज जे सांगायचं आहे ते गिरणीवाल्याचं नाही. ते सांगताना माझी मान खाली जाते. संपादकांनी या अंकासाठी गमतीजमती मागितल्या होत्या, तेव्हा त्यांचीही माफी मागतो.

आमच्या गावात पितळी भांड्यांचे एक मोठे व्यापारी आहेत. सगळे त्यांना मुदलाळी म्हणतात, म्हणजे शेठ. त्यांची बरीच दुकानं, शिवाय कारखाना. त्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर घेतलं. सर्व्हर मात्र दुसरीकडे ठेवायला ते तयार नव्हते. "माझा माल माझ्या गोदामात, मग माझे आकडे दुसऱ्याच्या गोदामात कशाला?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्याच कचेरीत लिनक्सचं एक यंत्र आलं आणि त्यावर वेब सर्व्हर बसवायला मला बोलावलं. आतलं सॉफ्टवेअर पुण्याचं, दारातला माझा. मी बहुतेक वेळ घरूनच लॅपटॉपवर काम करायचो आणि पुण्याच्या लोकांशी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, तो काम संपेपर्यंत चालूच असायचा.

पहिल्या कॉलवर दोघं होती. मृणाल ही प्रकल्पाची प्रमुख, तिशीतली, तडफदार. गद्रे हे जुने प्रोग्रॅमर, साधारण माझ्याच वयाचे, जाड चष्मा. मृणालने इंग्रजीत माझं स्वागत केलं आणि मग शेजारी वळून मराठीत म्हणाली, "सर, ह्या अण्णाला जमेल का सगळं? नाहीतर आपल्यालाच जावं लागेल तिकडे, इडल्या खायला."

गद्रे म्हणाले, "आधी माणसाला बोलू तर दे."

त्याच क्षणी मी 'जमेल हो' म्हणायला हवं होतं. सगळे हसले असते आणि विषय संपला असता. पण मराठीत बोलायची माझी हिंमत झाली नाही, त्याला कारण होतं. तरुणपणी एका प्रशिक्षणासाठी मी पुण्याला गेलो होतो. खानावळीत वाढणाऱ्या बाईंना मी म्हटलं, "मजला आणीक भात पाहिजे." त्या थबकल्या. आत जाऊन आणखी दोघींना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "परत म्हणा ना." मी परत म्हटलं. शेजारच्या पाटावरचा एकजण म्हणाला, "बखरीतला माणूस जेवायला आलाय." कोणाच्या मनात वाईट नव्हतं, भातही भरपूर वाढला. पण घरात मी ज्या भाषेत रडलो, भांडलो, बायकोची समजूत काढली, ती बाहेर दाखवायची वस्तू निघाली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या माणसाशी मी कधी मराठीत बोललो नाही.

तर मी इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हटलं. उद्या सांगू, असं मनाशी ठरवलं. पण उद्या सांगावं तर काल का नाही सांगितलं, हा प्रश्न आला. परवा तो प्रश्न आणखी मोठा झाला. त्यांनी राव म्हणजे तेलुगू असणार असं गृहीत धरलं होतं आणि मीही त्यांना तसं चालू दिलं.

खरं सांगतो, मला त्यात गोडीही लागली. ती दोघं आपसात बोलायची आणि मी मख्ख चेहऱ्याने ऐकायचो. आता हे जे मी तुमच्यासारखं मराठी लिहितो आहे, ते बरंचसं तिथे शिकलो. चोरून शिकलेली भाषा आहे ही. माझी बायको सुशीला हिला तर रोजची मालिकाच मिळाली. ती स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. एकदा मृणाल गद्र्यांना थालीपिठाची भाजणी कशी करतात ते सांगत होती, तर दुसऱ्या दिवशी आमच्या घरी थालीपीठ. जरा जळकं होतं, पण मी दोन खाल्ली.

"सांगून टाका की त्यांस, आम्ही मराठे म्हणून," ती म्हणायची. "नवी नवरी लाजती तैसे काय लाजतां?"

"आतां कैसें सांगूं? इतके दिवस उगी कां राहिला म्हणून विचारतील."

"विचारूं द्या. खाऊन टाकतील काय?"

एका दुपारी मृणाल कॉलवरून उठून गेली आणि गद्रे व मी दोघंच उरलो. मी इकडे सर्व्हरवर काही तपासत होतो. गद्र्यांचा मोबाइल वाजला. त्यांच्या मुलीचा होता. ते माझ्यासमोरच बोलू लागले.

"हो गं, जाऊन आलो. काचबिंदूच आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, आहे ती टिकवायची... नाही, ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर उद्या घरी बसवतील. तुझं शिक्षण पुरं होऊ दे... चालतंय काम. आठ आणि तीन सारखेच दिसतात, एवढंच. अक्षर मोठं करून घेतो."

फोन ठेवून ते बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत बसले. मी मान खाली घालून टाइप करत राहिलो. टाइप करण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांच्या फायलींतल्या चुका मला दिसू लागल्या. दारातल्याला सूचना देणारी एक फाइल असते: अमुक क्रमांकाच्या दारात बस, अमुक मागणी अमुक क्रमांकाच्या खोलीत धाड. त्यात तीनच्या जागी आठ पडला किंवा एखादा कंस मिटायचा राहिला की सगळं अडतं. अशी चूक आढळली की रीतसर पुण्याला कळवायचं आणि त्यांनी दुरुस्त करून पाठवायचं, असा नियम होता. पण कळवलं तर ते मृणालकडे जाणार, आणि दोनचारदा गेलं की गद्र्यांकडे बोट वळणार. मी कळवणं बंद केलं. चुका इथेच, सर्व्हरवर, गुपचूप सुधारायला लागलो. मोठं पुण्य करतो आहोत, असंही वाटायचं. एका माणसाची नोकरी माझ्या बोटांवर उभी आहे, या विचाराची नशा चढते.

सुशीलेला मी जेवताना, कॉफी पिताना, काम करताना सगळं सांगायचो. आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. परक्यापासून काही झाकायचं असलं की मराठीत बोलायचं, ही आम्हाला लहानपणापासूनची सवय. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, मुलीच्या तमिळ सासरच्यांसमोरसुद्धा. जन्मभर आमचं असंच चाललं होतं, की आम्ही मराठीत बोललो म्हणजे कोणी ऐकलंच नाही.

"आज फिरून तीन ठायीं आठ घातला," मी म्हणायचो.

"पाप ते," ती म्हणायची, म्हणजे बिचारे. "डोळेच नाहींत तर काय करतील? तुम्हीच नीट करून टाका."

मग नवरात्र आलं. तुमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात ती आमच्याकडची आयुधपूजा. आमच्याकडे तिचा थाट मोठा. लॉरी, शिलाई यंत्र, वजनकाटा, रिक्षा, सगळ्यांना चंदनकुंकू लागतं. आणि एकदा पुजलं की दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती द्यायची. मुदलाळींनी सांगितलं की सर्व्हरही बंद करून पुजायचा. मृणालने फार विनवलं की सर्व्हर बंद करायचा नसतो, तो चालूच राहायला हवा. मुदलाळी म्हणाले, "माझ्या कारखान्याची भट्टी विझते, मग हा कोण लागून गेला?"

आता दारातल्याची एक सवय सांगायला हवी. तो सूचनांची फाइल उठताना एकदा वाचतो आणि डोक्यात ठेवतो. नंतर कोणी फाइल बदलली तरी, त्याला सांगितल्याशिवाय तो परत वाचत नाही. पूजेच्या आदल्या दिवशी मी माझ्या गरोदर मुलीला घेऊन तिरुक्करुगावूरच्या देवीला गेलो होतो. सुखरूप बाळंतपणासाठी तिथलं एरंडेल आणायचं असतं. नेमक्या त्याच दिवशी पुण्याहून गद्र्यांच्या नव्या फायली थेट सर्व्हरवर आल्या आणि माझ्या सुधारलेल्यांच्या जागी जाऊन बसल्या. दारातला जुनंच डोक्यात धरून चालत होता, म्हणून कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद झाला, त्याला हार घातला, धूप दाखवला.

विजयादशमीच्या सकाळी मुदलाळींच्या कचेरीत सगळे जमलो. पहिलं बिल चांगल्या वेळेवर फाडायचं आणि ती वेळ टळली तर पुढे राहुकाळ. दुकानांत नवं पितळ घ्यायला गिऱ्हाइकं उभी. कापूर पेटला, बटण दाबलं, यंत्र सुरू झालं. दारातला काही उठेना.

"राव सार," मुदलाळी म्हणाले, "देवी उठली, भट्टी उठली, तुमची मिषीन तेवढी झोपली आहे."

मी फाइल उघडली आणि काय झालं ते मला लगेच समजलं. दाराच्याच क्रमांकात तीनच्या जागी आठ. तेवढं बदलायला क्षणही लागला नसता. पण तोवर मुदलाळींच्या मॅनेजरने पुण्याला कॉल लावून स्क्रीन दाखवायला सुरुवात केली होती आणि मृणाल स्वतः सर्व्हरवर शिरली होती. तिने पुण्याहून पाठवलेल्या जुन्या फायली आणि इथल्या जुन्या प्रती शेजारी शेजारी लावल्या.

"सर, हे बघा," ती गद्र्यांना मराठीत म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आपल्या प्रत्येक फायलीत ह्या अण्णाने हात घातलाय. न विचारता! हाच सगळा गोंधळ करून ठेवतोय. मी आजच वर कळवते, हा माणूस नको म्हणून."

मी कॅमेऱ्यासमोर उभा होतो. मला सगळं कळत होतं आणि मला काही कळत नाही असा चेहरा करून मी उभा होतो. तोंड उघडावं तर गद्रे उघडे पडणार. मिटावं तर माझं नाव जाणार. आणि दोन्हींच्या आधी हे निघणार, की इतके महिने मी त्यांचं घरचं बोलणं ऐकत होतो.

गद्रे म्हणाले, "मृणाल, त्यांनी काय बदललंय ते वाच."

"वाचलं की."

"मला वाचून दाखव."

ती वाचू लागली. आठाचा तीन केला. कंस मिटवला. पुन्हा आठाचा तीन. तिचा आवाज खाली येत गेला. "सर... हे बदल बरोबर आहेत."

"बरोबरच असणार. चुका माझ्या आहेत, सगळ्या. मला दिसत नाही, मृणाल. वर्ष होत आलं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

 ती हलक्या आवाजात म्हणाली, "सर, कॉल चालू आहे. आपण नंतर बोलू. अण्णा आहेत समोर."

गद्र्यांनी मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. "असू दे," ते म्हणाले. "अण्णाला कळत नाही."

मुदलाळींनी मागून तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणतायत हे लोक?" मी तमिळमध्ये सांगितलं, "एक आकडा चुकलाय. आता होईल." मी आठाचा तीन केला. दारातला उठला. बिल फाटलं, नारळ फुटला, मुदलाळींनी खोबऱ्याचा मोठा तुकडा माझ्या हातात ठेवला. मृणालने इंग्रजीत माझे आभार मानले आणि क्षमाही मागितली. मी इंग्रजीत "नो प्रॉब्लेम" म्हटलं. ते शब्द आठवले की आजही कानशिलं तापतात.

गद्र्यांनी दिवाळीच्या आधी नोकरी सोडली. कंपनीने त्यांना नीट निरोप दिला, असं मृणालने मला इंग्रजीत सांगितलं. मी दुःख झालं म्हणून इंग्रजीत कळवलं. मृणालला मी मराठी आहे हे अजूनही माहीत नाही. हा अंक तिच्या हाती पडला तर आता कळेल. मृणालताई, मी तुमचा अपराधी आहे.

एका संध्याकाळी मला फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"राव, गद्रे बोलतोय," मराठीतच.

माझ्या तोंडून निघालं, "गुड ईव्हनिंग, सर."

"अहो, पुरे की आता," ते म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात तुमच्या मंडळींनी आतून विचारलं होतं, 'कापी आणूं काय?' तुमचा माइक चालू होता. नेहमी चालूच असायचा. काम करताना मृणाल कानाला हेडफोन लावून गाणी ऐकायची, तिला कळलं नाही. मला कळलं."

 आम्ही दोघं काय काय बोललो होतो, ते सगळं एकदम आठवलं. डोळेच नाहीत तर काय करतील. पाप ते.

"मग त्या दिवशी लेकीचा फोन..." मी म्हणालो. कुठल्या भाषेत, ते आठवत नाही.

"माइक मलाही बंद करता आला असता, राव. केला नाही. ऑफिसात कोणापाशी बोलायची सोय नव्हती. म्हटलं, एका माणसाला तरी कळू दे. आपल्याच वयाचा आहे, आपलंच बोलणं बोलतो. फोन ठेवून मी वाट बघत होतो. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून."

सुशीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. माझा चेहरा पाहून तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही फायली सुधारत होतात, तेही ठाऊक होतं मला," गद्रे म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "उपकार झाले तुमचे. पण मला फायली नीट करून नको होत्या हो. 'डोळे कसे आहेत' एवढं एकदा विचारलं असतंत तर मी स्वतःच मृणालला सांगितलं असतं. धीर आला असता. असं सगळ्यांसमोर, नारळ घेऊन लोक उभे असताना सांगायची पाळी आली नसती."

 मी आमच्याच मराठीत, जी येते तीत, विचारलं, "गद्रे, तुमचे डोळे कैसे आहेत?"



"डावा गेला," ते म्हणाले. "उजव्याने फोनवरचं तुमचं नाव वाचता येत नाही. लेकीकडून लावून घेतला."